सोनिकवर भांडायचंय? मग नीट भांडा

सोनिकच्या, म्हणजे सेगाच्या त्या निळ्या सुसाट पळणाऱ्या हेजहॉगच्या व्हिडिओ गेम मालिकेच्या, चाहत्यांमधले वाद कधी संपत नाहीत आणि ते संपावेत असं माझं अजिबात म्हणणं नाही, अर्धी मजा त्यातच आहे. पण बहुतेक वाद वाचवत नाहीत, कारण एक जण १९९१ चा मेगा ड्राइव्हवरचा (सेगाचा जुना कन्सोल) सोनिक डोक्यात धरून बोलतोय, दुसरा ॲडव्हेंचर २ खेळत मोठा झालाय, तिसऱ्याने पिक्चर बघून फ्रंटियर्स घेतलाय, आणि हे तिघं मिळून "सोनिक भारी की बकवास" यावर रात्रभर एकमेकांची अक्कल काढतात. तिघंही आपापल्या गेमबद्दल बरोबर असू शकतात राव. तर वाद घालायचाच असेल तर कसा घालावा, निदान समोरच्याला दोन गोष्टी नवीन कळतील असा, ते खाली लिहितोय. पद्धत माझी आहे, पटलं तर घ्या.

आधी विचारा, स्पीड येतो कुठून

कुठल्याही सोनिक गेमवर तोंड उघडायच्या आधी हा एक प्रश्न. अर्धे वाद इथेच मिटतात.

जुन्या गेम्समधे, म्हणजे सोनिक १ (१९९१), सोनिक २ (१९९२), सोनिक सीडी (१९९३) आणि १९९४ चे सोनिक ३ आणि सोनिक अँड नकल्स, स्पीड मुख्यतः जमिनीच्या उतारातून येतो. तुम्ही उतारावर अंग दुमडून चेंडूसारखे गोळा झालात की वेग वाढतो, चढावर कमी होतो, आणि तो वेग पुढच्या उडीत तुमच्यासोबत जातो. ॲडव्हेंचरपासून (१९९८ ला जपानमधे, १९९९ ला बाकीकडे) सोनिक स्वतःच्याच पायांनी सुसाट पळतो, होमिंग अटॅक मारत शत्रूवरून शत्रूवर जातो, आणि उताराचं महत्त्व कमी होतं. मग २००५ ला निंटेंडोच्या डीएसवर सोनिक रश आला आणि बूस्ट आला, म्हणजे बटण दाबलं की गोळीसारखं सुटायचं, आणि हीच गोष्ट अनलीश्ड (२००८), कलर्स (२०१०), जनरेशन्स (२०११), फोर्सेस (२०१७) अशी पुढे चालत राहिली. फ्रंटियर्समधे (२०२२) तेच बूस्ट मोकळ्या मैदानात आणून सोडलंय.

म्हणजे या सगळ्या वेगवेगळ्या खेळण्याच्या पद्धती आहेत, फक्त हिरो एकच. बूस्टवाला गेम "यात मोमेंटमच (उतारातून कमावलेला वेग) नाही" म्हणून नापास करणं आणि सोनिक १ ला "किती हळू आहे यार" म्हणून नापास करणं, दोन्ही सारखंच. बूस्टमधे कौशल्य असतं रस्ता पाठ करण्याचं आणि वेळेवर बटण दाबण्याचं. जुन्यात कौशल्य असतं वेग टिकवण्याचं. दोन्हीपैकी एक आवडू शकतं, पण एकाच्या नियमाने दुसऱ्याला मार्क देऊ नका. (सोनिक लॉस्ट वर्ल्ड हा गेम या कुठल्याच घरात नीट बसत नाही, तो वाद वेगळा घाला.)

मग विचारा, कुठलं व्हर्जन

हे कोणी विचारत नाही आणि इथेच गंमत असते. "सोनिक १ खेळलो, घाणेरडा आहे" असं कोणी म्हणालं की शांतपणे विचारा कशावर खेळलास. कारण २००६ ला गेम बॉय ॲडव्हान्सवर याच गेमचं एक पोर्ट (दुसऱ्या कन्सोलसाठी केलेली आवृत्ती) आलं होतं, ते इतकं रखडत चालतं की त्यावरून मूळ गेमला शिव्या घालणं हा अन्याय आहे. युरोपातल्या मेगा ड्राइव्हवर पहिला सोनिक ५० हर्ट्झवर चालायचा, म्हणजे ६० हर्ट्झवाल्यांपेक्षा साधारण १७ टक्के हळू, आणि गाणीसुद्धा हळू. एकाच गेमच्या दोन लोकांच्या आठवणींमधे वेगाचाच फरक, आता बोला.

सोनिक सीडीचं संगीत अमेरिकेत वेगळं आणि जपान-युरोपात वेगळं होतं, त्यामुळे "साउंडट्रॅक बेस्ट आहे" या वाक्यालाही आधी कुठला ते विचारा. अनलीश्डचं निंटेंडो वी (Wii) आणि पीएस२ वरचं व्हर्जन हे पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० पेक्षा पूर्ण वेगळं बांधलेलं आहे, लेव्हलसुद्धा वेगळ्या. ओरिजिन्स (२०२२) या जुन्या गेम्सच्या संचात सोनिक ३ च्या काही झोनची (गेममधले वेगवेगळे प्रदेश, प्रत्येकाचे ॲक्ट म्हणजे भाग) गाणी बदललेली आहेत, आइस कॅप झोनचं ऐकून नवीन पोरगा म्हणेल की यात एवढं काय, तर त्याने ऐकलेलं मूळ गाणं नाहीच. आणि ॲडव्हेंचर १ ज्यांनी फक्त नंतरच्या डीएक्स आवृत्तीत बघितला त्यांना मूळच्या ड्रीमकास्ट कन्सोलवरची लाइटिंग दाखवा, मग बोला.

रिव्ह्यूचे आकडे फेकणाऱ्यांसाठी एक आकडा लक्षात ठेवा. ॲडव्हेंचर २ ला मेटाक्रिटिकवर (रिव्ह्यूंची सरासरी काढणारी साइट) ड्रीमकास्टसाठी १०० पैकी ८९ आहेत. तोच गेम थोडीफार भर घालून काही महिन्यांत निंटेंडोच्या गेमक्यूबवर आला तर ७३. गेम तोच, कॅमेरा तोच, मग एवढा फरक कसला? रिव्ह्यू करणाऱ्यांची अपेक्षा बदलली, आजूबाजूचे गेम बदलले. त्यामुळे मेटाक्रिटिकचा आकडा वादाची सुरुवात म्हणून ठीक आहे, तो टाकला की विषय संपला असं समजणाऱ्याशी वाद घालू नये.

उताराची टेस्ट

आता मुख्य काम. "फिजिक्स खराब आहे" हे वाक्य सोनिकच्या वादात जितक्या वेळा येतं तितक्या वेळा कोणी फिजिक्स म्हणजे काय ते सांगत नाही. तर टेस्ट करा, दहा मिनिटांचं काम आहे.

सोनिक १ लावा, पहिलाच झोन, ग्रीन हिल ॲक्ट १. पहिली गोष्ट, एखाद्या जास्त चढाच्या पायथ्याशी पूर्ण थांबा आणि मग उजवीकडे दाबा. सोनिक कसाबसा चढेल, चढ जास्त असेल तर मागे घसरेल. आता मागे जाऊन पळत या, आरामात चढेल. दुसरी गोष्ट, उतारावर पळताना खाली दाबा म्हणजे तो गोळा होईल, आणि वेग कसा वाढत जातो ते बघा, उतारावर सायकलचं पेडल सोडून दिल्यासारखं. तिसरी गोष्ट, सपाट जमिनीवर गोळा व्हा. इथे तो हळूहळू थांबतो. म्हणजे गोळा होणं हे फुकटचं स्पीड बटण नाहीये, कुठे व्हायचं ते तुम्हाला कळलं पाहिजे. चौथी, वेगात असताना उताराच्या टोकावरून उडी मारा आणि वेग हवेत टिकतो का बघा.

आता हेच सोनिक ४ एपिसोड १ मधे (२०१०) करून बघा. उताराच्या टोकावरून गोळा होऊन सुटलात तर सोनिक हवेत मधेच उलगडतो. हवेत दिशेचं बटण सोडलं की वेग गळून पडतो. थांबलेल्या अवस्थेतून वेग पकडायला इतका वेळ लागतो की लोक उडी मारून हवेतला डॅश मारतात आणि मग पळतात. बघा, आता तुम्ही "फिजिक्स खराब" असं मोघम नाही म्हणणार, तीन ठिकाणं दाखवून म्हणणार. आणि मग तेच सोनिक मेनियात (२०१७) करा, चारही गोष्टी जुन्यासारख्या होतील. ख्रिश्चन व्हाइटहेड आणि त्याच्यासोबतच्या मंडळींनी फॅन म्हणून वर्षानुवर्षं हेच खोदून काढलं होतं, म्हणून.

हे अवघड का आहे तेही माहीत असू द्या. जुन्या गेममधे जमीन १६ बाय १६ पिक्सेलच्या तुकड्यांची असते आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःची उंची आणि स्वतःचा कोन दिलेला असतो, गेम दर फ्रेमला पायाखालचा कोन वाचतो आणि त्याप्रमाणे वेगात भर घालतो किंवा काढून घेतो. १९९३ च्या आसपास सोनिकची नक्कल करणारे प्राणी धडाधड आले, बब्सी हा बोबकॅट, एरो द ॲक्रोबॅट हे वटवाघूळ, ऑसम पॉसम, सगळ्यांनी टेचात उभं राहणं आणि आगाऊपणा उचलला. उतार मात्र कोणी धड उचलला नाही. "सोनिक फक्त मार्केटिंगवर चालला" म्हणणाऱ्याला एवढं एक उदाहरण पुरतं, कारण मार्केटिंगची नक्कल सगळ्यांनी केली होती.

समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडा

वाद जिंकायचा असेल तर हे करावंच लागतं. "सोनिक कधीच चांगला नव्हता" म्हणणारे लोक बहुतेक वेळा आळशी मुद्दे देतात, "उजवं बटण दाबून ठेवायचं, झालं" वगैरे. त्यांना त्यांचेच खरे मुद्दे द्या, कारण ते खरंच आहेत.

पहिला, स्क्रीन. मेगा ड्राइव्हवर स्क्रीन ३२० पिक्सेल रुंद. सपाट जमिनीवर सोनिकचा पूर्ण पळण्याचा वेग एका फ्रेमला ६ पिक्सेल, सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे सेकंदाला ३६०. सोनिक साधारण मधोमध असतो म्हणजे पुढे दिसतात १६० पिक्सेल. भागाकार करा, पुढच्या खिळ्यांवर विचार करायला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ मिळतो, आणि उतारावर गोळा झालात तर त्याहूनही कमी. हा खराखुरा डिझाइनचा प्रॉब्लेम आहे, चाहत्यांनी तो मान्य करावा. सोनिक सीडीत जोरात पळताना कॅमेरा पुढे सरकतो, म्हणजे बनवणाऱ्यांनाही तो माहीत होता.

दुसरा, सोनिक १ मधे एवढा वेग आहेच कुठे? ग्रीन हिल संपलं की लगेच मार्बल झोन, तिथे लाव्हावर तरंगणाऱ्या दगडावर उभं राहून वाट बघत बसायचं. लॅबिरिंथमधे पाण्याखाली रांगत, हवेचे बुडबुडे शोधत जायचं. स्पिन डॅशसुद्धा (जागेवर गोळा होऊन एकदम सुटायची चाल) नाही, तो सोनिक २ मधे आला. "उजवं बटण दाबून ठेव" म्हणणारा मार्बल झोनमधे तीस सेकंदात लाव्हात जाईल, म्हणजे त्याचा मुद्दा खोटा ठरतो, पण "स्पीडचा गेम म्हणून विकला आणि हातात दिली वाट बघायची लेव्हल" हा मुद्दा मात्र खरा ठरतो. आणि सोनिक २ च्या मेट्रोपोलिसमधे शत्रू असे ठेवलेत की पहिल्यांदा खेळताना मार खाणं जवळजवळ ठरलेलं. बाकी सगळ्या मोठ्या झोनला दोन ॲक्ट, याला तीन, का तर देव जाणे.

तिसरा, कार्निव्हल नाइट झोनमधलं ते पिंप. सोनिक ३ मधल्या त्या झोनचा दुसरा ॲक्ट, रस्त्यात पट्ट्यापट्ट्यांचं एक पिंप, त्यावर उड्या मारल्या की ते थोडं खालीवर हलतं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की उड्याच मारायच्यात. तर नाही, उभं राहून आलटून पालटून वर आणि खाली दाबायचं असतं. गेमने हे आधी कुठेच शिकवलेलं नाही. घड्याळातली दहा मिनिटं संपून लोक मरायचे तिथे. याचं समर्थन करू नका, करता येत नाही.

एवढं मान्य केल्यावर मग तुमचं म्हणणं लोक ऐकतात. मग सांगा की सोनिक ३ अँड नकल्समधे रस्ते वर-मधे-खाली कसे विभागलेत, वरचा रस्ता चुकला तर मरत नाही फक्त हळू रस्त्यावर पडता, आणि वरचा टिकवला तर त्याचं बक्षीस वेगाने मिळतं. माझ्या मते जुन्यांमधे हाच सगळ्यात भरलेला गेम आहे. मुळात एकच गेम होता तो, दोन कार्ट्रिजमधे कापून विकला आणि एकावर एक बसवायची सोय दिली.

०६ चं काय करायचं

कोणत्याही सोनिक वादात दहाव्या वाक्याला कोणीतरी ०६, म्हणजे २००६ चा बदनाम सोनिक गेम, काढणारच. त्याला अडवू नका, पण नीट शिव्या घालायला लावा. राजकन्येचा किस काढणारा आळशी आहे, कथा ही त्या गेमची सगळ्यात छोटी अडचण आहे. खरा त्रास बघायचा तर गावातल्या एका माणसाशी बोला. लोडिंग येतं. मग तो दोन वाक्यं बोलतो. परत लोडिंग. मग अर्ध्या मिनिटाचं मिशन. मग परत लोडिंग. हे एकदा कोणाला दाखवलं की वेगळं काही बोलायची गरज नाही.

कारणंही सांगता आली पाहिजेत. मालिकेच्या पंधराव्या वर्षाचा गेम म्हणून तो २००६ च्या सुट्ट्यांच्या आत बाजारात हवा होता, मधेच सोनिकच्या मूळ निर्मात्यांपैकी एक, युजी नाका, सेगा सोडून गेला, आणि वीसाठी वेगळा गेम करायला टीमचा एक भाग काढून घेतला. एक्सबॉक्स ३६० वर त्याला मेटाक्रिटिकवर ४६ मिळाले. गंमत म्हणजे सोनिक बूम: राइज ऑफ लिरिकला (२०१४) त्याहून कमी, ३२, आणि तरी शिव्या ०६ लाच जास्त. कारण सोपं आहे, बूमकडून कोणाला अपेक्षाच नव्हती, ०६ चा पहिला ट्रेलर बघून लोक वेडे झाले होते. आणि ०६ च्या आत एक चांगला गेम अडकलेला दिसतो, म्हणून तर चाहते तो नव्याने बांधत बसलेत.

एकच नियम पाळा. ०६ वरून पूर्ण मालिका जोखायची नाही, आणि मेनियावरूनही नाही. २०१७ ला ऑगस्टमधे मेनिया आणि नोव्हेंबरमधे फोर्सेस, एकाच वर्षात, एकाच सेगाकडून. यावरून "मालिका सुधारली" आणि "मालिका बुडाली" दोन्ही सिद्ध करून दाखवणारे लोक त्याच महिन्यात भेटत होते.

ॲडव्हेंचरवाल्यांशी बोलताना

यांच्याशी जरा जपून, इथे भावना फार गुंतलेल्या असतात. सरसकट "ॲडव्हेंचर जुनाट झालाय" म्हणालात की खेळ खल्लास. त्याऐवजी गेमचे तुकडे करा. ॲडव्हेंचर २ मधली सिटी एस्केप ही लेव्हल आवडत नाही असा माणूस विरळा. पण ॲडव्हेंचर २ मधे एक तृतीयांशच सोनिक-शॅडोचं पळणं आहे, बाकी टेल्स-एगमन या पात्रांचे चालते रोबो आणि नकल्स-रूजचं पाचूचे तुकडे शोधणं. त्या शोधण्यावर बोला. पहिल्या ॲडव्हेंचरमधे रडार तिन्ही तुकड्यांपैकी जो जवळ असेल त्याला वाजायचं, दुसऱ्यात ठरलेल्या क्रमानेच वाजतं, त्यामुळे तिसऱ्या तुकड्याच्या डोक्यावरून चालत गेलात तरी रडार गप्प. हे दाखवलंत तर कट्टर ॲडव्हेंचरवालासुद्धा मान डोलावतो. चाओ गार्डनवर (छोटे प्राणी पाळायचा भाग) मात्र वाद घालू नका, तिथे कोणी ऐकत नाही. पहिल्या ॲडव्हेंचरमधल्या बिग या मांजराच्या मासेमारीवर वाद घालायची गरज नाही.

वारसा वेगळा मोजा

क्वालिटी आणि वारसा हे दोन वेगळे हिशोब आहेत आणि लोक एकाची उधारी दुसऱ्यात टाकतात. गेम बरा असूनही त्याचा काही वारसा नसतो (सोनिक सुपरस्टार्स बघा, २०२३, दोन वर्षात बोलणं बंद), आणि वाईट असून वारसा असू शकतो. वारशात हे धरा: अमेरिकेत जेनेसिससोबत (मेगा ड्राइव्हचं तिथलं नाव) अल्टर्ड बीस्ट या गेमच्या जागी सोनिक द्यायला लागले आणि कन्सोल विकायचं गणित बदललं. चाहत्यांनी बनवलेल्या गेम्समधून फ्रीडम प्लॅनेटसारखे (२०१४) स्वतंत्र गेम उभे राहिले. आणि २०१९ ला पिक्चरच्या ट्रेलरमधला दातवाला सोनिक बघून लोकांनी एवढा दंगा केला की डिझाइन बदलून पिक्चर २०२० ला आला.

आणि सगळं श्रेय युजी नाकाला देऊन मोकळे होऊ नका. सोनिकचं चित्र नाओतो ओशिमाचं, लेव्हल हिरोकाझु यासुहाराच्या, पहिल्या दोन गेमचं संगीत मासातो नाकामुराचं, आणि सोनिक २ तर अमेरिकेत बसून बनवला गेलाय.

वाद अडकला तर

तर सोनिक २ मधला केमिकल प्लँट झोन काढा. हा झोन इतक्या वेळा परत वापरलाय की चाहते वैतागलेत (वैताग रास्त आहे, फोर्सेसमधे परत ग्रीन हिल बघून मलाही जांभई आली), पण वादासाठी याच्यासारखं हत्यार नाही. आधी सोनिक २ मधला खेळा, दुसऱ्या ॲक्टचं वर चढणारं गुलाबी पाणी आणि हलणारे ठोकळे धरून. मग जनरेशन्समधला, तिथे एकाच जागेचे दोन ॲक्ट आहेत, पहिला जुन्या सोनिकचा आणि दुसरा नव्या बूस्टवाल्याचा. मग मेनियातला. चार वेळा तीच जागा, आणि प्रत्येक वेळी नोंद करा की वेग कशाने आला, वेग कशाने गेला, आणि चुकलात तेव्हा चूक तुम्हाला आधी दिसू शकली असती का.

बूस्टवाला अजूनही हट्टाला पेटला असेल तर त्याला जनरेशन्सचा दुसरा ॲक्ट बूस्टला हात न लावता पूर्ण करायला सांगा, आणि जुन्यावाला पेटला असेल तर त्याला पहिल्याच फटक्यात तोच ॲक्ट पूर्ण बूस्टवर न मरता करायला सांगा, आणि दोघं खेळत असताना बाकीच्यांनी मधे कॉमेंट्री करू नये.